अकराव्या मजल्यावरची हवा

घर गेलं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटपर्यंत कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. पण आईनं बजावून ठेवलंय की हा विषय घरात काढायचा नाही, आणि आईपुढे कुणाचं काय चाललंय आजवर? तेव्हा घर गेलेलं नाही. इमारत सातव्या मजल्यावर थांबली आहे, एवढंच. दमलेलं माणूस जिन्यात थांबतं, तसं. निघेल पुन्हा...

"सातवा घेतला असता ना," जेवताजेवता धाकट्यानं विषय काढलाच, "तर आज सातव्यावर बसून जेवत असतो! पण नाही. ताईसाहेबांना अकरावाच हवा! शेवटचा मजला! का, तर वरून जग बघायचंय!"

वरच्या बिऱ्हाडात कुणीतरी खुर्ची फरफटत नेली. आईनं सवयीनं वाटीवर पंजा धरला, छताची माती पडू नये म्हणून. आणि त्याच क्षणी तिनं ताईकडे असं काही काकुळतीनं पाहिलं, की ताईच्या ओठांवर आलेलं वाक्य घासाबरोबर परत खाली गेलं.

"हो रे, मलाच हवा होता," ती म्हणाली. "वारा चांगला येतो ना तिथं."

"येतो की! आता तर भिंतीसुद्धा मधे येत नाहीत!"

ताई पडदे शिवायची. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि बाजारपेठेत एक चिंचोळं दुकान, जे तिनं या घरासाठी विकलं. विकलं त्या दिवशी मशीनच्या चाकावर हात ठेवून ती म्हणाली होती, "येते हं," आणि मग रस्ताभर मागे वळून बघत राहिली, जसं काही मशीन निरोप द्यायला दारापर्यंत येणार होतं! त्यानंतर उसन्या मशीनवर तिनं नकाशावरून माप घेऊन अकराव्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीचा निळा पडदा शिवला. खिडकीच्या आधी पडदा तयार होण्याची ती बांधकाम क्षेत्रातली बहुधा पहिलीच घटना. मग बाजार पडला, नवी गिऱ्हाइकं येईनात, बिल्डरची यंत्रं एकेक करून निघून गेली, आणि पडदा घडी करून ट्रंकेत बसला.

पण ताईला बसवेना! ती उठायची, दार मोजायची, पुन्हा बसायची, उठून कपाट मोजायची... एकदा तिनं झोपलेल्या धाकट्यालाच मोजलं, आणि त्या अंगाला मायेचा एक शब्द पुरेल की नाही या विचारानं तिचं अंतःकरण भरून आलं. तो मात्र ताईशी कामापुरतंच बोले. धाकटा एका मोठ्या कचेरीबाहेर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. त्याची भाषा इतकी भारदस्त, की साहेब लोक अर्ज उभं राहून वाचत आणि मग बसून नाकारत.

अशात एका सकाळी बिल्डरचा विक्री अधिकारी दारात उभा राहिला. त्याला सगळे बत्तिशी म्हणत, कारण वाईट बातमीसुद्धा तो सगळे दात दाखवून सांगे.

"बाजार पडलाय, ताई," तो प्रसन्नपणे म्हणाला. "लोक येतात, आमचं नमुन्याचं घर बघतात, आणि म्हणतात, छान आहे, पण इथं कुणी राहत असेल असं वाटत नाही. मग आमच्या मालकांना सुचलं, तुम्हीच राहा ना! दिवसभर. नमुना कुटुंब म्हणून! थोडी बुकिंगं झाली की आठवा मजला. मग नववा. मग तुमचा!"

"आणि आम्ही करायचं काय?" आईनं विचारलं.

"काही नाही. सुखी दिसायचं."

घरात एवढं अवघड काम आजवर कुणाला मिळालं नव्हतं.

नमुन्याचं घर म्हणजे बंद पडलेल्या बांधकामाच्या कुशीतली एक पत्र्याची शेड. पण आत गेलं की थेट अकरावा मजला! खिडकीबाहेर छापील शहर, त्यामागे ट्यूबलाइट, आणि मावळायचं विसरून गेलेला सूर्य. कपाटातली पुस्तकं म्हणजे नुसत्या पाठी, पानं नाहीत. फ्रिज म्हणजे रंगवलेला खोका. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड केलेला, त्यामुळे आई त्यावर पाय दुमडून सुखी दिसायची. "कुटुंबात एक मूल हवं होतं," बत्तिशी पहिल्याच दिवशी हळहळला, आणि मुलाच्या जागी त्यानं कोपऱ्यात एक छोटी सायकल उभी केली. ताईला त्या सायकलचा हळूहळू लळा लागला. संध्याकाळी घरी निघताना ती तिची घंटी एकदा वाजवायची.

धाकटा छत्री मिटून तिथं येऊन बसायचा. खोट्या टीव्हीकडे बघत म्हणायचा, "ताई, आवाज कमी कर गं." भेट द्यायला आलेले लोक हसायचे. ताईही हसायची. आणि आतल्या आत तिचा जीव पाखरासारखा फडफडायचा, कारण घर मिळालं होतं, भाऊ शेजारी बसला होता, आई खिडकीतून जग बघत होती... आणि यातलं एकही खरं नव्हतं!

एका दुपारी एक म्हातारे न्हावीकाका आले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, पलंगाकडे संशयानं पाहिलं, आणि ताईला विचारलं, "पोरी, राहायला बरं वाटतं का गं इथं?"

"फार बरं!" बत्तिशीनं उत्तर दिलं.

"मग झालं. दुकान विकायचं ठरवलंय मी. चार खुर्च्या आहेत, आरसे आहेत. उद्या सही करतो. खुर्च्यांना मात्र अजून सांगितलं नाही..." काका ओशाळून हसले.

ताई उठली. बसली. पुन्हा उठली. टेप गळ्यातून काढून बोटांना गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. काकांची सही झाली तर आठवा मजला एका वितीनं जवळ येणार होता! आईसाठी... धाकट्याच्या मनातली ती अढी निघावी यासाठी... पण डोळ्यांसमोर चार खुर्च्या ओळीनं बसलेल्या, आणि चौघींचं लक्ष दाराकडे!

"काका," तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "जरा तो नळ सोडा ना."

काकांनी नळ सोडला. नळ मोकळ्या मनानं फिरला, फिरतच राहिला, आणि शेवटी काकांच्या हातात आला.

"पाणी प्रस्तावित आहे," बत्तिशी म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याचे ओठ मिटले.

"आता ते पुस्तक उघडा," ताई म्हणाली. "फ्रिज उघडा! काका, मीसुद्धा दुकान विकलं होतं हो... बाहेर जाऊन मजले मोजा. आमचं घर अजून चार मजले वर आहे, आणि मधे काहीच नाही!"

"ताई!" धाकटा किंचाळला. "काय केलंस हे! एकदा अकरावा मागून घर घालवलंस, आज दुसऱ्यांदा घालवलंस! आमचं वाईट व्हावं असा नवस..."

तेवढ्यात डोक्यावर पत्रा वाजला. धाड, धाड, धाड. आईनं झटकन प्लास्टिकच्या सफरचंदांवर पंजा धरला.

"वर कोण?" काकांनी दचकून विचारलं.

"वॉचमन," बत्तिशी पुटपुटला. "कपडे वाळत घालतो."

आई सफरचंदांवर हात धरून तशीच बसून राहिली, आणि मग तिचा चेहरा विरघळत गेला. "इथंसुद्धा चालतात रे!" ती हुंदका देत म्हणाली. "इथंसुद्धा माझ्या डोक्यावरून चालतात! जन्मभर खालच्या मजल्यावर काढला. तू झालास तेव्हा वर कुणी नाचत होतं, तुझे बाबा गेले तेव्हा वर कुणी पलंग सरकवत होतं! म्हटलं, शेवटचे चार दिवस तरी डोक्यावर आभाळ असावं, पावलं नकोत. अकरावा मीच मागितला होता. ताईनं नाही! मीच तिला म्हटलं, माझं नाव सांगू नकोस, म्हातारी हट्टाला पेटली म्हणतील..."

क्षणभर वॉचमनसुद्धा थांबला.

धाकटा अडखळायला लागला. ज्याच्या भाषेपुढे साहेब उभे राहत, तो! "ताई... इतके महिने मी तुला... तू एकदा तरी बोलायचंस!"

"बोलले असते तर तू आईशी बोलायचा थांबला असतास," ताई म्हणाली. "माझ्याशी न बोलायची सवय झालीच होती तुला."

तो लहान मुलासारखा तिच्या कुशीत शिरला. त्या घरात घडलेली ती पहिली खरी गोष्ट. न्हावीकाका नळ हातात धरून रडत होते. तो परत कुणाकडे द्यायचा हे त्यांना कळेना.

पुढच्याच महिन्यात बिल्डरनं जागा दुसऱ्या, मोठ्या बिल्डरला विकून टाकली. जुन्या बुकिंगशी आपला काही संबंध नाही, असं त्यानं नम्रपणे कळवलं आणि सातही मजले पाडले. बाजार असा काही पडला होता, की भरलेल्या जागेपेक्षा रिकामी जागा महाग झाली होती. त्या रात्री जेवताना आईनं स्वतःच विषय काढला. "घर गेलं," ती म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

काकांच्या दुकानात चार खुर्च्या होत्या तशाच आहेत, आणि मागच्या बाजूला ताईचं उसनं मशीन बसलंय. धाकट्याचे केस तिथं फुकट कापले जातात, त्यानं नको म्हटलं तरी. निळा पडदा ताईनं एके दिवशी ट्रंकेतून काढला, जमिनीवर पसरला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं... आणि कात्री चालवली. वरच्या बिऱ्हाडातल्या सगळ्यांच्या मापाच्या जाड, मऊ, कापडी सपाता शिवल्या. धाकटा स्वतः वर जाऊन देऊन आला. वरच्या गृहस्थांना त्या इतक्या आवडल्या, की ते आता पूर्वीपेक्षा जास्त चालतात. पण आवाज कमी येतो. आई वाटीवर हात धरते तो आता सवयीनं, आणि बऱ्याचदा मधेच काढून घेते.

मग एका रविवारी धाकट्यानं कोरा कागद टाइपरायटरवर चढवला. "ताई, आधी तुझी सही," तो म्हणाला. अर्ज असा होता:

'विनंती करण्यात येते की, सदर जागेवरील अकराव्या मजल्याच्या उंचीची हवा हल्ली कोणाच्याही वापरात नसल्याने, ती मूळ नकाशातील लांबी-रुंदीप्रमाणे अर्जदारांच्या मातोश्रींच्या नावे करून मिळावी व तिचा ताबा विनाविलंब देण्यात यावा. त्यावरील आभाळ कोणत्याही विकासकास विकू नये. पक्ष्यांच्या जाण्यायेण्यास अर्जदारांची हरकत नाही. मात्र त्यांना उडण्याबाबत समज देण्यात यावी, त्यांनी चालू नये.'