माळाकडचं दार

रेल्वे गावात आली नाही, म्हणून गावच रेल्वेकडे निघालं. कंपनीने स्टेशन दूर दक्षिणेला टाकलं आणि त्या गवताळ माळावरचं इवलंसं गाव एका हिवाळ्यात उठलं. घराखाली ओंडके सरकवायचे, घोडे जुंपायचे आणि बर्फावरून अख्खं घर ओढत न्यायचं. हाल्वोरचं घर निघालं तेव्हा आत चूल पेटलेली होती, वर कॉफी उकळत होती.

"वहिनी, बसा आतच! तिकीट नाही मागत मी!" घोडेवाला ओस्ताप ओरडला.

हाल्वोरची बायको रान्हिल्ड हसली नाही. ती खिडकीतून टेकाडावरच्या कबरींकडे बघत होती. तिथे त्यांची सिग्ने होती, थंडीच्या तोंडाशी घटसर्पाने गेलेली. लेकीला मागे टाकून जाताना तिचा जीव तुटत होता.

"बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की तिलाही आणू," हाल्वोर म्हणाला.

नव्या गावात प्रत्येक दार स्टेशनकडेच हवं, हा कंपनीचा हट्ट. हाल्वोरने त्या बाजूला नवं दार काढलं आणि जुनं, माळाकडचं, आतून लांब खिळे ठोकून बंद केलं.

मग ओंडक्यांनी बर्फात पाडलेल्या चरांतून पावलं येताना दिसू लागली. लहान, अनवाणी. रोज थोडी अलीकडे.

"कोल्हा असेल."

"कोल्ह्याला पाच बोटं असतात होय रे?"

एका सकाळी पावलं घराशी पोचली. जुन्या दारापुढचा बर्फ तुडवून तुडवून घट्ट झाला होता.

"तिला हेच दार माहीत आहे, हाल्वोर. काढ ना ते खिळे!"

"गारठून मरू आपण. वेड लागलंय का तुला?"

गारठ्याचं निमित्त होतं. लेकीची शवपेटी त्याने स्वतःच्या हाताने ठोकली होती. दार उघडल्यावर काय आत येईल, याची त्याला भीती वाटत होती.

संध्याकाळी बर्फ पडला.

सकाळी शेजारचा बिछाना रिकामा होता. चूल विझली होती.

नव्या दाराची कडी आतून लागलेली. त्याने ती काढली. बाहेरचा बर्फ कोरा होता.

तो धावत मागे गेला. जुन्या दारापासून दोघींची पावलं टेकाडाकडे गेली होती. दोघींचीही अनवाणी.

तो आत आला. जुन्या दाराचे खिळे होते तसेच होते.

त्याच दाराशी रान्हिल्डचे बूट नीट मांडलेले होते. त्यांच्या शेजारी, जमिनीच्या फळीवर, दोन इवली पावलं अजून ओली होती.