धुराड्यातला थेंब

मुलांनो, जरा कल्पना करा. डोळे मात्र उघडे ठेवा, नाहीतर पुढचं वाचणार कसं? एक लांबट टेबल आहे. त्यावर रुळांचं गोल कडं, आणि रुळांवर तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढं काळं इंजिन. साठ वर्षांचं म्हातारं, पण विजेवर पळणारं. जळका वास येतोय ना? तो त्याच्याच पोटातून येतोय. आणि दुकानाच्या दारात मीटरबाई उभ्या आहेत.

मीटरबाईंनी तीस वर्षं लोकांच्या वीजमीटरमधल्या लबाड्या पकडल्या. निवृत्त झाल्यावर त्या खाजगी तपास करू लागल्या. सोबत त्यांचा धाकटा भाऊ असे. त्याला सगळे सावकाशराव म्हणत, आणि ते नाव त्याला कुणी उगाच ठेवलेलं नव्हतं.

"मला चोर नकोय, पुरावा हवाय," दुकानाचे मालक, खेळणीवाले आजोबा म्हणाले. "चोर मला ठाऊक आहे."

"म्हणजे निम्मं काम तुम्हीच उरकलंत," मीटरबाई म्हणाल्या. "आता उरलेलं सांगा."

इंजिन एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचं होतं, त्यांच्या लहानपणचं. चाळीस वर्षं बंद. आजोबा आणि त्यांचा कारागीर त्यावर तीन महिने खपले. कुजलेल्या वायरी बदलल्या, मोटरचं वायंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, नव्यानं केलं, मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे दोन इवले तुकडे घासून बसवले. काल पाच वाजता इंजिन सगळ्यांसमोर झकास पळालं. लगेच आजोबा त्याची पेटी आणायला सुताराकडे गेले. सहाला परतले, इंजिन पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि पेटी उशाशी घेऊन झोपले.

"आज सकाळी डॉक्टरीणबाईंसमोर चालू केलं. पुढचा दिवा लागला. मोटर गुरगुरली, कार्बनपाशी ठिणग्या उडाल्या, धूर आला, संपलं! आणि संध्याकाळी सहाला त्यांची नातवंडं बघायला येणार आहेत."

"संशय कुणावर?"

"कारागिरावर. वायरी त्यानंच जोडल्या. विचारलं तर म्हणतो, 'चूक माझीच.' डॉक्टरीणबाईंच्या भाच्याला हे इंजिन स्वतःच्या कपाटात हवंय. त्यानंच याला फितवलं असणार. वीस वर्षं माझ्या हाताखाली होता हो! सगळ्यांदेखत सांगितलं, पुन्हा ही पायरी चढू नकोस." आजोबांनी टेबलावरच्या किल्लीकडे बोट केलं. "दुकानाची किल्ली ठेवून गेला."

सावकाशराव पुढे सरकले आणि धडपडले. टेबलाशी एक बुटकं स्टूल होतं. त्याच्या पायांना लाल दोरे चिकटले होते.

"हे सूनबाईच्या शिवणखोलीतलं. इथं कसं आलं?" आजोबा पुटपुटले.

मीटरबाईंनी इंजिन उलटं केलं, हुंगलं. "कार्बनला तुम्ही तेल देता?"

"कार्बनला तेल?" आजोबांना जणू कुणी शिवी दिली. "ते कोरडे ठणठणीत लागतात! तेल गेलं की त्यांच्या भुकटीचा चिखल होतो. कारागिराला हे झोपेतही ठाऊक आहे. आम्ही फक्त चाकांना घट्ट ग्रीस लावतो."

"ताई," सावकाशराव तक्रारीच्या सुरात म्हणाले, "याच्या धुराड्यातसुद्धा तेल आहे. पातळ. माझी विजार गेली." धुराडं नुसतं शोभेचं होतं. मीटरबाईंनी शिट्टीच्या भोकात काडी घातली. तीही ओली निघाली.

डॉक्टरीणबाईंचा भाचा वैतागलेलाच होता. "हवं होतं मला, नाही कशाला म्हणू? पण चालणारं! बिघडलेलं नेऊन काय त्याची पूजा करू? आणि काल पाचला मी मावशीला घेऊन निघालो, तो रात्रीपर्यंत तिच्याचकडे होतो. विचारा तिला."

दुकानाला लागूनच शिवणखोली होती. तिथं सूनबाई लाल गणवेश शिवत होत्या. त्यांची आठ वर्षांची मुलगी टिकली कोपऱ्यात बटणं निवडत बसली होती.

"मी पाचला कपडे पोचवायला गेले, साडेसहाला आले," सूनबाई म्हणाल्या.

"मशीनचं तेल कुठे असतं?"

"ही काय कुपी. परवाच भरली होती, आज पाहते तर अर्धी. गळत असेल मेली."

"मशीनला तेलाची भोकं किती?"

"अकरा," मान वर न करता टिकली म्हणाली.

"तिला तोंडपाठ आहे," सूनबाई हसल्या. टिकली हसली नाही.

कारागीर गल्लीच्या टोकाला राहत होता. दारात उभा राहूनच तो बोलला. "आजोबा सुताराकडे गेल्यावर मी दहा मिनिटं चहाला गेलो. दुकान उघडं टाकलं. चूक माझीच."

"परत आलात तेव्हा काय दिसलं?"

त्यानं दार निम्मं ओढून घेतलं. "काही नाही. जाऊ द्या ना बाई. मी मोठा माणूस आहे, मला बोललेलं सोसतं."

परतताना सावकाशराव म्हणाले, "ताई, कबूल तर केलं त्यानं."

"काय कबूल केलं?"

सावकाशराव विचार करू लागले. दुकान आलं तरी करतच होते.

चार वाजता मीटरबाईंनी आजोबा, सूनबाई आणि टिकलीला टेबलाभोवती बसवलं.

"आधी वायरींचं बघू. दिवा लागला, म्हणजे वीज इंजिनात आली. ठिणग्या कार्बनपाशी उडाल्या, म्हणजे ती थेट कार्बनपर्यंत पोचली. सगळ्या वायरी शाबूत आहेत. कारागिराचं काम चोख होतं."

आजोबांनी चष्मा काढला.

"बिघडवलं ते तेलानं. शिवणमशीनच्या पातळ तेलानं. आता धुराडं आठवा. वैरी माणूस वायर तोडतो आणि पळतो. तो शोभेच्या धुराड्याला, शिट्टीला, दिसेल त्या भोकाला थेंब थेंब तेल देत बसत नाही. इतकी माया वैऱ्याला नसते. ज्यानं हे केलं, त्याला इंजिनाचं भलंच करायचं होतं. फक्त त्याला मशीन एकच ठाऊक होतं, शिवणाचं. तिथं भोक म्हणजे तेलाची जागा."

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"टेबलाशी हात पोचायला स्टूल लागलं. मोठ्या माणसाला लागलं नसतं. आणि कारागीर म्हणाला, मी मोठा माणूस आहे, मला सोसतं. म्हणजे ज्याला सोसणार नाही असं कुणीतरी त्यानं पाहिलं होतं."

कुणीच टिकलीकडे बघितलं नाही. मीटरबाईंनीसुद्धा नाही. टिकलीचे कान मात्र लाल झाले होते.

"तेल घातलं की आईचं मशीन गातं," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "मला वाटलं, इंजिनपण गाईल. काका चहा पिऊन आले तेव्हा कुपी माझ्या हातात होती. त्यांना वाटलं, मी खेळतेय. सकाळी धूर आला, आजोबा ओरडले. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, चूक माझीच. आणि मी..." फ्रॉकचं टोक मुठीत आवळून ती म्हणाली, "मी गप्प बसले. काका पायरी उतरले तरी गप्प बसले."

"मी तुला शंभरदा सांगितलं होतं, इंजिनाला हात लावू नकोस!" आजोबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"का लावू नकोस, ते किती वेळा सांगितलंत?" मीटरबाईंनी विचारलं.

किल्लीकडे बघवेना, म्हणून आजोबा चष्माच पुसत बसले. वीस वर्षं सोबत असलेल्या माणसाला त्यांनी एक प्रश्न धड विचारला नव्हता. चोर मात्र ठरवून मोकळे झाले होते, तेही चारचौघांत.

"इंजिनाचं काय?" सूनबाईंनी हळूच विचारलं.

"मोटर जळलेली नाही. स्पिरिटनं धुवायची, नवे कार्बन बसवायचे. तासाभराचं काम." आजोबा म्हणाले. "पण असे कार्बन घासणारा हात एकच आहे. माझे हात आता थरथरतात."

"आणतो मी त्यांना," सावकाशराव प्रथमच चपळाईनं उठले.

"तू बस," मीटरबाई म्हणाल्या.

टिकली उठली. स्टुलावर चढून तिनं टेबलावरची किल्ली उचलली आणि उतरून स्टूल शिवणखोलीत जागेवर ठेवून आली. दारापर्यंत गेली. तिथं तिचे पाय अडले. गल्लीत लोक होते, आणि आज सकाळी तेच लोक बघत उभे होते.

ती मागे वळली. आजोबा अजून चष्मा पुसत होते. तिनं त्यांचं बोट धरलं आणि ओढलं.

"चला आजोबा. आधी मी बोलते. मग तुम्ही."