धामणदरीच्या बारा नळ्या

नागपूरच्या पेशीवाचन प्रयोगशाळेत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. हरित लवादाच्या अध्यक्षा फरजाना पठाण यांनी सुनावणीच तिथं लावली होती. प्रश्न एकच: खडकवेळचा रसायन कारखाना बंद करायचा की नाही.

खूणवाचक यंत्राशेजारी डॉ. सुगंधा तायडे उभी होती. तिची थोरली बहीण विमल खडकवेळला दिली होती. स्तनाच्या कर्करोगानं गेली. कारखान्याच्या डॉक्टरनं चुलीच्या धुरावर खापर फोडलं. विमलच्या घरात चूल नव्हतीच, गॅस होता. पण मेलेल्या बाईला विचारतो कोण?

"मला समजेल असं सांगा," पठाणबाई म्हणाल्या.

"आईच्या दुधातून स्तनाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी बाहेर येतात. विष त्या पेशींच्या डीएनएला चिकटतं. पेशी गप्प बसत नाही. बिघडलेला तुकडा कापते, नवा जोडते. त्या जोडकामात कुठंतरी चुकीचं अक्षर बसतं. चुलीच्या धुराची चूक वेगळी, या कारखान्याच्या वाफेची वेगळी. हीच जखमखूण. ती पुसत नाही. पेशीची लेक पेशी तीच खूण घेऊन जन्मते."

"खडकवेळच्या बायकांत सापडली?"

"तपासलेल्या एकूणएक बाळंतिणींत."

कंपनीचे तज्ज्ञ डॉ. जयवंत केळुसकर रुमालानं चष्मा पुसत हसले. "मग आम्ही आणलेल्या दुधाच्याही बारा नळ्या वाचा, मॅडम. गाव धामणदरी. डोंगरात. कारखान्याचा वाससुद्धा तिथं पोचत नाही. बाराही बाया तिथंच बाळंत झाल्यात."

यंत्र घरघरलं. पडद्यावर सात नळ्यांसमोर लाल रेघ उमटली. तीच खूण.

"बघा," केळुसकर म्हणाले. "जिथं कारखाना नाही तिथंही खूण. म्हणजे खुणेचा कारखान्याशी संबंध नाही. चहा घेऊया?"

सुगंधाची चार वर्षांची मेहनत या माणसानं चहाच्या कपात बुडवली होती. तिला विमल आठवली. कडेवर बाळ, आईच्या ओसरीवर खोकत बसलेली. आईच्या ओसरीवर.

सुगंधा सावकाश वळली.

"केळुसकर, या बाया निवडल्या कशा?"

"गावात गेलो, अंगावर पाजणाऱ्या पहिलटकरणी शोधल्या. अगदी शास्त्रशुद्ध."

"तुमच्या मिसेस पहिल्या बाळंतपणाला कुठं गेल्या?"

"रत्नागिरीला. आत्ता तिथंच आहे, माहेरी..."

पठाणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"धामणदरीचे लोक पोरी खडकवेळला देतात," सुगंधा म्हणाली. "जावई कारखान्यात पर्मनंट हवा असतो ना. पहिलं बाळंतपण माहेरी. तुम्ही एवढे शिकलेले, गावात गेलात आणि माहेरवाशिणी गोळा करून आणल्यात. आता सांगते. या सात जणींचं सासर खडकवेळ. उरलेल्या पाच जणी तिथं कधी नांदल्या नाहीत. नावं मला माहीत नाहीत. नळ्यांवर नुसते आकडे आहेत. विचारून घ्या."

पठाणबाईंनी नळ्या भरून देणाऱ्या धामणदरीच्या नर्सला स्वतः फोन लावला, स्पीकरवर. नर्स प्रत्येकीला विचारून एकेक आकडा सांगत गेली. सातही खडकवेळच्या सुना. पाचांपैकी दोघी आर्वीला दिलेल्या, तिघी जवळच्याच पाड्यांवर.

"म्हणजे तिथली हवा सुटली, पाणी सुटलं, तरी खूण सुटली नाही," पठाणबाई म्हणाल्या. "तायडेबाई, इतका भक्कम पुरावा तुमच्याकडेही नव्हता. कंपनीनं स्वतःच्या गाडीनं आणून दिला."

दुपारी हुकूम निघाला. संध्याकाळी खडकवेळहून विमलच्या नवऱ्याचा फोन आला. मागं फटाके आणि बायकांचा कल्ला. "चिमणी थंड झाली, सुगंधाताई. पोरी गच्चीवर नाचताहेत." सुगंधा कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हसली.

केळुसकर अजून दारातच घुटमळत होते.

"मॅडम, लग्नानंतर आम्ही खडकवेळच्या ऑफिसर्स कॉलनीतच राहिलो." त्यांचा आवाज खाली आला. "अजून एक नळी वाचाल?"

सुगंधानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग फ्रीज उघडून एक कोरी नळी त्यांच्या हातावर ठेवली.

"दूध बर्फात घालून आणा. खूण म्हणजे रोग नव्हे, वेळेत कळलं असतं तर माझी विमलही वाचली असती. आणि केळुसकर, यावर तुम्ही आकडा टाकू नका. नाव लिहा."