डावखुऱ्या मशीनचा दोरा

दोरा चुकीच्या बाजूने ओवलेला होता.

धाकटीने पायडल दाबलं, मशीन खडखडलं, पण टाका पडला नाही. दोरा तटकन तुटला. ती वाकून पाहू लागली. सुईच्या नेढ्यातून दोरा उजवीकडून डावीकडे गेला होता. तिने पायडलवरचा पाय काढला.

जुनी शिलाई मशीनं घरी आणायची, रॉकेलने धुवायची, गंज खरवडून पुन्हा चालती करायची, हा तिच्या वडिलांचा, आबांचा, निवृत्तीनंतरचा उद्योग. तीन आठवड्यांपूर्वी ते याच मशीनपुढे पडलेले सापडले. डोकं मशीनच्या लोखंडी पायावर आपटलेलं. शेजारच्या मावशी पाच वाजता त्यांच्याकडच्या किल्लीने आत आल्या, तेव्हा सगळं संपलं होतं. सुईत दोरा, सुईखाली चिंधी. टाके घालून बघताना भोवळ आली असणार, असं पोलिसांनी लिहून घेतलं. पडल्यावर तासभर तरी जीव असावा, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य धाकटी कुणापाशी काढत नसे.

पण हे मशीन फार जुनं. याच्या पोटात खालचा दोरा नेणारा, होडीसारखा लांबट धोटा. याला दोरा डावीकडूनच लागतो. “ही म्हातारी डावखुरी आहे बरं,” असं सांगून आबांनी तिला मशीन घरी आलं तेव्हाच ते शिकवलं होतं.

म्हणजे हा दोरा आबांनी ओवलेला नव्हता, आणि त्यांच्यानंतर मशीनला आजवर कुणी हात लावला नव्हता. आबा जमिनीवर पडलेले असताना या स्टुलावर दुसरं कुणीतरी बसलं होतं.

ती स्टुलावरून उठली. भर दुपारी तिला मागे वळून बघण्याचं धाडस होईना.

दार ओढलं की आपोआप लागणारं होतं. बाहेरून उघडायला किल्ल्या तीन. आबांची आता तिच्याकडे. दुसरी मावशींकडे, पण त्यांना जवळचं दिसत नाही, त्यांच्या सुया आबाच ओवून देत. तिसरी दादाकडे, तिच्या थोरल्या भावाकडे. आणि त्या दिवशी तीनच्या सुमाराला दादाची मोटरसायकल कोपऱ्यावर दिसली, असं मावशी कालच बोलता बोलता म्हणाल्या होत्या. दादाने तर पोलिसांना सांगितलं होतं, की तो दिवसभर ऑफिसातून हलला नाही.

दादा असू नये. तिला एवढंच हवं होतं.

तिने दोन फोन केले. एक दादाला. दुसरा नाक्यावरच्या शिंपीमास्तरांना. हे मशीन मूळचं मास्तरांच्या आईचं, आबांनी भंगारातून शोधून काढलेलं. त्याबद्दल बोलायचंय, असं तिने सांगितलं.

दादा आधी आला. तिने त्याच्या हातात रीळ दिलं आणि मशीन ओवायला सांगितलं.

“मला काय येतंय यातलं? एवढ्यासाठी बोलावलंस?”

तरी तो बसला. दोरा सरळ वरून सुईपर्यंत ओढला, वाटेतले दोरा अडकवायचे एकूण एक आकडे सोडून, आणि नेढं कुठे आहे ते शोधत राहिला. सुईतला तो दोरा मात्र सगळे आकडे घेऊन आला होता; तो दादाचा नव्हता. मग तिने मोटरसायकलबद्दल विचारलं.

दादाने रीळ खाली ठेवलं. हो, तो आला होता. आदल्या दिवशी आबांशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं, माफी मागायची होती. किल्ली लावून घुसणं बरं वाटेना, म्हणून बेल दाबली, दोनदा. कुणी आलं नाही. अजून रागात आहेत असं समजून तो परत गेला.

“हे कुणाला सांगितलंस?”

“कुणाला सांगू? कुठल्या तोंडाने?”

मास्तरांची चाहूल लागली तशी तिने त्याला स्वयंपाकघरात जायला सांगितलं.

मास्तर स्टुलावर बसले ते मशीनवरून हात फिरवतच. तिने ओवायला सांगितल्यावर त्यांनी बोलता बोलता, न बघता, एकेक आकडा घेत दोरा खाली आणला आणि उजवीकडून सुईत घातला. चाळीस वर्षं दुकानातल्या, उजवीकडून ओवायच्या मशीनवर बसलेला हात.

धाकटी स्टुलासमोर येऊन उभी राहिली.

“मास्तर, त्या दिवशी आबांजवळ कुणीतरी होतं.”

मास्तरांनी दोऱ्याचं टोक सोडलं. मग हळू आवाजात म्हणाले, “सांगणार नव्हतो, पोरी. तुझा दादा आला होता. दोनदा बेल वाजवली त्याने.”

“तुम्ही पाहिलंत?”

“लोक म्हणतात.”

“लोकांना गाडी दिसली असेल. बेल कशी ऐकू आली? खडखडाटातही ऐकू यावी म्हणून आबांनी ती या टेबलावर बसवून घेतली होती. दाराबाहेर तिचा आवाज जात नाही. दोनदा वाजली हे दादाला ठाऊक, आणि या खोलीत जो होता त्याला.”

मास्तरांची नजर टेबलावरच्या बेलकडे गेली. धाकटी थांबली नाही.

“सुईतला दोराही तुमचाच. वरचे सगळे आकडे बरोबर घेतलेले, म्हणजे हात जाणत्याचा. फक्त शेवटी चुकलं, जसं आत्ता चुकलं. आबांनी दार तुम्हाला स्वतः उघडलं असणार.”

“आईचं मशीन होतं ते,” मास्तर म्हणाले. “दोन वर्षं तेच, अजून पॉलिश राहिलंय, अजून चाक राहिलंय. पुरं झाल्याशिवाय घराबाहेर काढायचं नाही, हा त्याचा हट्ट. मला वाटलं, त्याला द्यायचंच नाही. मी उचलायला गेलो, तो आडवा आला. ढकलला मी. एवढंच.”

“एवढंच नाही. आबा काम करताना पडले असं दिसावं म्हणून तुम्ही बसून दोरा ओवलात.”

स्वयंपाकघराच्या दारात दादा येऊन उभा राहिला होता.

“बेल वाजली तेव्हा,” त्याने विचारलं, “आबा शुद्धीवर होते?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“‘दार उघड’ म्हणाला,” ते म्हणाले. “दोन्ही वेळा.”

दादा भिंतीला टेकून खाली बसला. धाकटी त्याच्याजवळ गेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने पोलीस ठाण्याचा नंबर फिरवू लागली.