गुलाबी बाटली निळी कोणी केली?

"माह्या बाबानं काहीच नाही केलं!" कमल रागाने लालबुंद झाली होती.

सौंसरच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. कमलचे बाबा, तुळशीराम, शाळेतले शिपाई. काल दुपारी हेडमास्तर रघुनाथराव प्रयोगशाळेत गेले, तर कोबाल्टच्या गुलाबी द्रावणाची बाटली निळीशार! नेमके तेव्हाच तुळशीराम घरी आपला पांढरा सदरा निळीत बुडवून आला होता. त्याची बोटं निळी! झालं, सरांनी निकालच लावला. "औषध सांडलंस आणि नीळ भरून ठेवलीस! किल्ल्या ठेव इथे. उद्यापासून येऊ नकोस!"

"चाल, आपणच पाहू!" तिच्या वर्गातला हेमंत म्हणाला. पांढुर्ण्याहून सुट्टीला आलेली त्याची मामेबहीण अलकाही निघाली.

सकाळच्या गारव्यात तिघांनी प्रयोगशाळेच्या खिडकीच्या गजांतून डोकावलं.

"अबे, हे तर गुलाबीच हाय!" हेमंत म्हणाला.

दुपारी पुन्हा आले, तर बाटली निळी! दाराला तेच कुलूप, बाटलीवर तीच धूळ.

"माय वो, भूत!" अलका किंचाळली.

"भूत कायचं? एवढ्या उन्हात भूतही घरीच झोपून राहिलं असंन!" हेमंत हसला.

कमल मात्र हसली नाही. तिने गजांतून हात घालून खिडकीलगतच्या बाटलीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. वर टिनाचं छप्पर नुसतं तापलेलं!

"गरमीनं रंग बदलून राहिला! चाला सरांकडं!"

सर कुरकुरत आले. कमलला एकच धास्ती होती: हे चुकलं, तर बाबांची नोकरी गेलीच!

"सर, बूच नका काढू जी. फक्त माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवा."

सरांनी ठेवली. सगळे टक लावून बसले. निळा रंग जांभळा झाला, आणि हळूहळू गुलाबी!

"अरेच्चा!" सरांनी कपाळावर हात मारला. "गार असताना कोबाल्टला पाण्याचे कण चिकटलेले असतात, म्हणून गुलाबी. तापलं की ते सुटतात, द्रावणातलंच क्लोराइड चिकटतं, आणि होतं निळं. मीच शिकवतो हे, आणि मीच विसरलो! शाबास पोरांनो!"

मग ते स्वतः तुळशीरामच्या घरी गेले. दारातच किल्ल्यांचा जुडगा पुढे करत म्हणाले, "तुळशीराम, चूक माझी होती. माफ कर."

"असू द्या जी," तुळशीराम पुटपुटला. त्याने जुडगा कमरेला खोचला आणि कमलला जवळ ओढलं.