बारा सत्तेचाळीसचा बदल

"बेबीताई, आज संध्याकाळी सहाच्या आत तो माणूस सापडला नाई, तर मी संपलो."

गुलाबराव खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून गेला. शुक्रवारची सकाळ होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून बेबीताई बुलढाण्यात खासगी तपासाची कामं घ्यायच्या आणि त्यांचा मावसभाऊ कारभारी त्यांची जीप चालवायचा. डोकं चालवणं हे आपलं काम नव्हे, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं आणि त्यात तो सुखी होता. पण समोरच्या माणसाचे लालभडक डोळे पाहून तोही खुर्ची ओढून ऐकायला बसला.

"आधी पानी प्या," बेबीताई म्हणाल्या. "अन् मले समजंल असं सांगा."

गेली आठ वर्षं गुलाबराव 'पाया' सांभाळत होता. पाया म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामांखाली बसणारा, सगळ्यांसाठी खुला असलेला कोड. वर कोणी कसलाही प्रोग्राम लिहो, खाली यंत्र नवं असो की पुराणं, दोघांचं जमवून द्यायचं काम पायाचं. कोणीही फुकट न्यावा, उघडून पाहावा, सुधारून परत द्यावा. जगभरातल्या तीस-चाळीस जणांचा गट त्याला हात लावायचा. पण जुन्या यंत्रांची बाजू एकटा गुलाबराव ओढायचा. नवी आवृत्ती निघाली की ती जुन्यावरही चालते का, हे तपासत बसण्याची चिकाटी दुसऱ्या कोणात नव्हती.

"मंगळवारी कोनीतरी माह्या नावानं जुन्या यंत्रांचा सारा भागच काढून टाकला," तो म्हणाला. "अन् काल हे आलं."

त्यानं एक कागद पुढे केला. दूरच्या एका बेटावरचं पत्र होतं. तिथल्या मच्छीमारांना वादळाचा इशारा देणारं यंत्र जुनं होतं. बुधवारी तिथल्या माणसानं भरवशानं पायाची नवी आवृत्ती घातली आणि यंत्र मुकं झालं. रात्री वादळ आलं. दोन होड्या परतल्या नव्हत्या.

"गटवाले म्हनतात, नाव तुहं, पासवर्ड तुहा, मंग हात कोनाचा? सहाले ते मले काढून टाकतील. काढू द्या! पन ताई, त्या होड्या मी बुडवल्या असं होईल न. हे घेऊन मी जगू कसा?"

"पासवर्ड आणखी कोनाले ठाऊक?"

"गेल्या साली तापात पडलो तवा तिघांले सांगतला होता. देऊळघाटचे उत्तमराव, धाडचा इंद्रभान, अन् मोताळ्याची माही मोठी बहीण, सिंधूताई. तिघंबी पायाचंच काम करतात."

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठं होते?"

"इथंच, डोळ्याच्या डॉक्टरकडे. औषध घातलं होतं, चार तास अक्षर दिसलं नाई. तिघांले ते ठाऊक होतं."

"अन् बदल कवा पोचला?"

"गटाच्या मोठ्या संगणकावर, आपल्या घड्याळानं दुपारी दोन सत्तेचाळीसले. पन फाईलवरची वेळ पाहा. एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, रात्रीचे बारा सत्तेचाळीस! माग लागू नये म्हनून खोटी टाकली."

"लई हुशार चोर दिसते," कारभारी म्हणाला.

बेबीताईंनी कागद दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. "जीप काढ."

गुलाबराव मागच्या सीटवर डोकं धरून बसला. तपासाला तो आत आला नाही. बेबीताईंनीच त्याला बजावलं होतं.

देऊळघाटला उत्तमराव ओट्यावरच भेटले. मनातलं त्यांनी लपवलं नाही.

"जुन्या यंत्रांचं ओझं फेकून द्या, असं मी त्याले दहादा म्हनलो. आजबी म्हनतो. पन चोरून? नाई बाप्पा."

"मंगळवारी दुपारी?"

"बारा ते चार इथं भारनियमन असते. इन्व्हर्टर महिनाभरापासून बंद. चारले लाईट आली तवर मी लिंबाखाली झोपलो होतो."

"घोरत पडलेला साक्षीदार कामाचा नाई," जीपमध्ये कारभारी म्हणाला. त्याचा संशय उत्तमरावांवर बसला होता.

धाडला इंद्रभानच्या संगणक क्लासमध्ये आठ नवी कोरी यंत्रं घुमत होती. तो बोलायला तिखट होता.

"गुलाबराव खाली उतरले तर त्याहिची जागा मले पायजेच. काऊन खोटं बोलू? पन मंगळवारी बाराले लाईट आली तवापासून सहापर्यंत पोरं बसली होती. एकबी मशीन ना रिकामं होतं, ना बंद केलं."

बेबीताई यंत्रांच्या रांगेतून एक चक्कर मारून आल्या. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात आजची तारीख होती, वेळही बरोबर. 

"हाच तो," कारभारी कुजबुजला. तासाभरात त्याचा हा दुसरा गुन्हेगार.

मोताळ्याला पोचायला साडेतीन वाजले. सिंधूताई शाळेत गणित शिकवायच्या. तो आठवडाभर त्या रजेवर होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"मंगळवारी? घरीच होती. आमच्याकडं दोनले लाईट येते, तवर डाळ निवडली." मग त्या आपणहून म्हणाल्या, "जुनी यंत्रं वापरणारं आता कोनी नाई. मी तीन महिने गटात इचारत होती, जो वापरत असंल त्यानं सांगा. एकानं उत्तर देल्लं नाई."

कोपऱ्यात एक जुनाट यंत्र होतं. जुन्यावर पाया चालतो का, हे पाहायला गुलाबरावानंच ते तिथं ठेवलं होतं.

"चालू करून दाखवता?"

सिंधूताईंनी कळ दाबली. यंत्र सुरू होताना पडद्यावर काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी न पाहताच दोनदा बटण दाबून ते पुढे ढकललं.

बेबीताई उठल्या. "कारभारी, गुलाबरावांले आत बोलव."

सगळे बसल्यावर त्यांनी कागद काढला.

"ही तारीख खोटी नाई. टाकायचीच असती तर मानसानं कालची-परवाची टाकली असती. हे यंत्र सुरू होताना दोन प्रश्न इचारते. आज तारीख काय, अन् वाजले किती. काऊन इचारते? आतला सेल मेला की लाईट गेल्यावर यंत्र सारं इसरते. उत्तर देल्लं नाई तर ते आपलं घड्याळ ऐंशी सालच्या पहिल्या रात्री बारापासून सुरू करते. म्हंजे फाईल लिहिली तवा यंत्र चालू होऊन सत्तेचाळीस मिनिटं झाली होती."

कारभारीनं बोटं मोजली. "पोचली दोन सत्तेचाळीसले..."

"लिहिल्याबरोबर पाठवली असंल, म्हंजे यंत्र चालू झालं बरोब्बर दोनले. ठोक्याले यंत्र कोन चालू करते? जो लाईटची वाट पाहत बसला असते तो. बुलढाण्यात त्या दिवशी लाईट गेलीच नव्हती. देऊळघाटले ती चारले आली. धाडले बाराले, शिवाय तिथली यंत्रं नवी, तारीख बरोबर, अन् सहापर्यंत बंद झालीच नाहीत. दोनले लाईट आली ती मोताळ्याले, अन् सेल मेलेलं यंत्र हे एकच."

गुलाबराव बहिणीकडे पाहत राहिला. राग यायला हवा होता, आला नाही. आतून काहीतरी खचल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"डॉक्टर मले बोलले होते," सिंधूताई म्हणाल्या. "पडद्यापुढं असाच बसला तर सालभरात याची नजर जाईल. जुन्या यंत्रांचा भाग काढायचा हक्क त्याच्याच नावाले होता. त्याच्या हातानं ते झालं नसतं. काढायच्या आधी या यंत्रावर शेवटचं तपासलं, मंग पाठवलं. मले खरंच वाटलं, वापरणारं कोनी उरलं नाई."

"ज्याचं काम सुरळीत चालून राह्यलं, तो तुमच्या गटात कशाले डोकावंल, ताई?" बेबीताईंचा आवाज हळू होता. "तो गप होता, कारन त्याले काही तक्रारच नव्हती."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला.

"मले तोंडावर काऊन नाई इचारलं?" गुलाबराव ओरडला.

"इचारलं, गुलाब. दिवाळीले इचारलं. संक्रांतीले इचारलं. मागच्या पंधरवड्यात जेवायचं ताट घेऊन तुह्या बाजूले उभी राह्यली अन् इचारलं, हे बंद करू का? तू पडद्याकडं पाहत होता. मानबी वर केली नाई. मी समजली, हाव म्हनतो."

गुलाबरावाला आठवलं नाही. आठवलं नाही, हेच त्याला सहन होईना.

पाच वाजून गेले होते. सिंधूताईंनी फोनची तार यंत्राला जोडली आणि गटाला पत्र लिहिलं. काय केलं, का केलं, भावाला ठाऊक नव्हतं. खाली आपलं पूर्ण नाव घातलं. गुलाबरावानं त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवला आणि पत्र पाठवून दिलं.

तेवढ्यात बेटावरून नवं पत्र येऊन पडलं. गुलाबरावाला ते धड वाचता येईना, म्हणून सिंधूताईंनीच वाचलं. एक होडी सकाळी किनाऱ्याला लागली होती. दुसरीचा शोध थांबवला होता. तीत बाप आणि दोन लेक होते. गुन्हेगार कोण, हे त्या माणसानं विचारलंच नव्हतं. बाकीच्यांना उद्या पहाटे समुद्रावर निघावं लागेल, घरात खायला नाही, तर यंत्र कधी चालू होईल, एवढंच विचारलं होतं.

कारभारीला तिथं उभं राहवेना. तो दाराकडे वळला.

गुलाबरावानं डोळे पुसले, दुसरी खुर्ची ओढली आणि बहिणीशेजारी बसला.

"ताई, मले दिसत नाई. काढलेला भाग तू वाचून सांग, मी परत लिहितो."