मागून वाजणारा

आईवर कुणी म्हणजे कुणीच विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, डॉक्टरांनी नाही, आणि त्या दुरुस्तीवाल्याने तर नाहीच नाही.

थोरला मुलगा जाऊन वर्ष झालं होतं. त्याची बेस गिटार आता धाकटी वाजवायची, त्याच्याच पेडलमधून. साबणाच्या वडीएवढा तो लोखंडी डबा. पायाने दाबला, की एका गिटारीच्या दोन वाजतात, दुसरी किंचित मागून. आई भाजी निवडत ऐकायची. एका दुपारी तिचे हात थांबले. थोरल्याचं एक बोट कारखान्यात चेचलेलं, म्हणून चौथ्या सुराला तो जरासा अडखळायचा. धाकटी अडखळत नव्हती. मागून वाजणारा अडखळत होता.

ती डबा पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेली.

"मावशी, त्याचं कामच ते," तो हसला. "आत आवाज आग विझवायच्या बादल्यांसारखा हातोहात पुढे जातो. म्हणून नक्कल मागून येते."

"कुणाच्या हातून?"

त्याचं हसू ओसरलं. "हा खटका इकडे केला, की खरा आवाज बंद. नुसती नक्कल उरते. बाकी काही नाही त्यात."

दुसऱ्या दिवशी धाकटी वाजवत असताना आईने वाकून खटका ओढला.

खोलीत तो एकटाच वाजू लागला. थरथरत, चौथ्या सुराला अडखळत... त्याच्या कपड्यांचा तो तेलकट, लोखंडी वासही आला. आईच्या डोळ्यांना धार लागली.

"आई, बंद कर ना ते..." धाकटी म्हणाली. "मला कसंतरी होतंय..."

"गप गं. एवढं गाणं होऊ दे. तू काय, रोजचीच आहेस."

धाकटी आणखी काही म्हणाली. ओठ हलले, आवाज आला नाही. आईने पाहिलं. पाहिलं, आणि खटका तसाच ठेवला. गाणं संपेपर्यंत.

मग तिने खटका फिरवला, वायर उपटली, डबा फरशीवर आपटला. थोरला गेला तो गेलाच. धाकटीचा आवाज काही परतला नाही.

डॉक्टर म्हणाले, घशात काही बिघाड नाही. नवरा म्हणाला, तुझं खूळ पोरीच्या अंगात शिरलं. आई सांगत सुटली. आधी डब्याला बोल लावला, मग दुरुस्तीवाल्याला, आणि शेवटी ज्याच्यासाठी वर्षभर रडली त्या थोरल्यावरही आळ घेतला. "त्यानेच नेला हो तिचा आवाज!"

बापाने धाकटीपुढे वही सरकवली. "कुणी केलं हे, बाळा?"

तिने पेन्सिल दाबून धरली, टोक मोडेल इतकी. कागदावर घासल्याचा आवाजसुद्धा आला नाही. अक्षरं मात्र उमटली.

आई.